लाइट-पाणी भाड्यात धरून

तराजूसाहेबांच्या स्वतःच्या घरी हल्ली कधीही जा, सगळ्या खोल्यांत दिवे जळत असतात. पंखा रिकाम्या खुर्चीला वारा घालत असतो, मोरीतला नळ ठिबकत असतो, आणि साहेब निवांत पेपर वाचत बसलेले असतात. बायको आतून ओरडते, "अहो, बटणं बंद करायला हात झिजतात का तुमचे?" साहेब पेपरमागूनच विचारतात, "कुणी ठोकलं का?" ती म्हणते, "नाही." मग साहेब म्हणतात, "मग जळू दे." एवढं झालं की दोघांनाही ते जुनं भाड्याचं घर आठवतं.

साहेब वजनमापे खात्यात होते. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, हलकी वजनं पकडायची आणि खऱ्या वजनांवर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. म्हणून त्यांना तराजूसाहेब नाव पडलं. समोर कुणी तसं म्हटलं तर ते कपाळाला आठी घालायचे, पण आतून त्यांना ते आवडायचं. आपल्याला कुणी फसवू शकत नाही आणि आपण कुणाचं गुंजभर घेत नाही, असा त्यांचा स्वतःबद्दल पक्का समज होता. नवं लग्न, नवी बदली, आणि त्यात हे घर सापडलं. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली घरमालक एकटेच. बसमध्ये कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणायचे.

"अटी काय आहेत?" साहेबांनी विचारलं.

"लाइट-पाणी भाड्यात धरून," काका म्हणाले. "वेगळं काही द्यायचं नाही. फक्त माणसासारखं वापरायचं."

आता बघा, ज्याची सगळी नोकरी मापात गेली, त्या माणसाने इथेच विचारायला नको का, की बाबा रे, माणसासारखं म्हणजे नक्की किती? पण 'वेगळं काही द्यायचं नाही' म्हटलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. साहेबांनी त्याच आठवड्यात सामान हलवलं.

पहिल्याच संध्याकाळी दोघं बाहेरच्या खोलीत येऊन टेकली. स्वयंपाकघरातला दिवा तसाच राहिला होता. पायाखालून आवाज आला, टक.

"खाली काहीतरी पडलं," साहेब म्हणाले.

टक.

"परत पडलं. वय झालंय त्यांचं."

बायको उठली, आत गेली आणि दिवा घालवून आली. लगेच खालून आवाज आला, टक टक.

"उचलून ठेवलं वाटतं," साहेब म्हणाले.

सकाळी चौकशीला म्हणून ते खाली गेले. काका आरामखुर्चीत बसले होते. हातात काठी, समोर भिंतीवर विजेचा मीटर. दुसऱ्या घरांत माणसं ज्या बाजूला तोंड करून रेडिओ ऐकतात, त्या बाजूला तोंड करून काका मीटर बघत होते.

"अहो, काही पडलंबिडलं नाही," काका म्हणाले. "एक म्हणजे थांबवा. दोन म्हणजे जाऊ दे. माझी अख्खी नोकरी या दोन शब्दांवर झाली. ड्रायव्हर पुढे, मी मागे, मध्ये खच्चून माणसं. ओरडलेलं ऐकू जातंय होय? दोरी ओढायची. एक घंटी, गाडी थांबली. दोन घंट्या, गाडी निघाली. नोकरी संपली, घंटी तिकडेच राहिली. आता ही काठी आहे."

"पण आमचा आतला दिवा चालू आहे, हे तुम्हाला खालून कसं कळलं?"

"तुमची पावलं बाहेरच्या खोलीत, आणि मीटरची चकती फिरतेय दोन दिव्यांची. मग एक दिवा कुणासाठी जळतोय?"

नळाचंही तेच. पाण्याचा पाइप काकांच्या उशाशेजारच्या भिंतीतून वर जायचा. साहेब नळ सोडून दाढी करायला लागले की गालावरचा फेस वाळायच्या आत टक. इस्त्री जरा जास्त वेळ चालली की टक. इस्त्री बंद केली, की न चुकता टक टक. शाबासकीत काकांनी कधी हात आखडता घेतला नाही.

साहेबांच्या बायकोला या सगळ्याची सवय कधी झाली, ते तिलाही कळलं नाही. साहेब दौऱ्यावर गेले की संध्याकाळी ती मुद्दाम एखादा दिवा विसरायची. खालून टक आलं की तिला बरं वाटायचं. घरात आपण एकट्या नाही, खाली जागं माणूस आहे. भाजी जास्त झाली की वाटी खाली जायची, आणि धुतलेली वाटी दुपारपर्यंत जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसलेली असायची. एकदा साहेबांना सणसणून ताप भरला. खोलीतला दिवा, पंखा, पाणी तापवायची विजेची शेगडी, सगळं दिवसभर चालू. खालून एकदाही ठोकलं नाही. बायकोलाच राहवेना. जिन्यात जाऊन ती म्हणाली, "काका, दिवा चालू आहे हं, यांना ताप आहे." खालून काठी वाजली, टक टक.

पण साहेबांना ते टक लागायचं. दिवसभर आपण लोकांचे तराजू धरायचे, आणि संध्याकाळी आपल्याला कुणीतरी खालून धरायचं! तरीही हे असंच निभावलं असतं. पण सासरे आले.

सासरे कोर्टात नाझर होते. हळू बोलले तरी पुकारा केल्यासारखं वाटायचं. मुलीचा संसार बघायला म्हणून ते प्रथमच आले. जेवण झालं, पंखा पूर्ण जोरात सोडला, आणि घराला शिस्त म्हणून कशी हवी यावर त्यांचं बोलणं सुरू झालं. आतल्या खोलीतही पंखा तसाच फिरत राहिला होता. खालून टक.

"कोण ठोकतंय?" सासरे थांबले.

"खाली... खाली सुतारकाम चाललंय," साहेब बोलून गेले. का बोलले, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बायकोने कपाळावर हात मारला.

"सुतार आलाय? मग बरंच झालं," सासरे उठले. "आमच्या कपाटाचं दार कधीचं निखळलंय, त्याला विचारून येतो." साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत ते जिना उतरलेसुद्धा.

बराच वेळ ते वर आले नाहीत. आले ते चेहऱ्यावर असं हसू घेऊन, की साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"गृहस्थ चांगले आहेत," सासरे म्हणाले. "मीटर कसा वाचायचा, तेही शिकवलं मला. पण जावईबापू, एक विचारू? तुमच्या घरात दिवा कधी लावायचा आणि कधी घालवायचा, हे खालचे ठरवतात?"

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सासरे जाताना म्हणाले, "पुढच्या खेपेला येईन तेव्हा सुतारकाम आटोपलेलं असेल ना?" त्या क्षणी साहेबांनी ठरवलं, की आता या घरात आपला स्वतःचा मीटर येणार. भाड्यात धरून काही नको.

असं काही ठरवलं, की सल्ला द्यायला माणूस शोधावा लागत नाही. समोरच विमावाले राहत. लोकांना मरणाची भीती घालून पोट भरणारा माणूस, त्याला मीटरची काय पत्रास? "साहेब, स्वतंत्र मीटर हा तुमचा हक्क आहे," ते म्हणाले. "फक्त घरमालकाची संमती लागते. आणि उद्या हा म्हातारा लहर फिरली म्हणून तुम्हाला बाहेर काढेल, तेव्हा मीटर तुमच्या नावावर असलेला बरा. आणि हो, मीटरचा विमाही उतरवता येतो का, ते बघतो मी."

संमती मागायला साहेब खाली गेले, तेव्हा त्यांनी तीन वेगवेगळी कारणं पाठ करून ठेवली होती. एकही सांगावं लागलं नाही.

"मीटर?" काका म्हणाले. "माझा त्रास होतो का तुम्हाला?"

"छे छे, त्रास कसला! जरा... हिशेब स्वच्छ असलेला बरा."

"बरोबर आहे. मापातलं माणूस तुम्ही." काकांनी सही केली. काठी हातातच होती, पण ती वाजली नाही. एकदाही नाही आणि दोनदाही नाही.

वीज कार्यालयातल्या खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला, साहेबांचं खातं वाचलं आणि चष्मा वर केला. "वजनमापे खात्यात आहात? बाजारातल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा तराजू कुणी जप्त केला होता हो?"

"मी," साहेब अभिमानाने म्हणाले.

"माझे मेहुणे आहेत ते," कारकून म्हणाला आणि अर्ज उचलून सगळ्यात खाली ठेवला.

पुढे काय झालं असेल, ते सांगायला नको. कधी वीज कार्यालयातले साहेब रजेवर, कधी कपाटाची किल्ली दुसऱ्या साहेबांकडे. शेवटी एकदाचा तपासणीला माणूस आला. त्याने जिना बघितला आणि मान हलवली. दोघांना जिना एक, दार एक, म्हणजे घर एक. स्वतंत्र मीटरला स्वतंत्र दार पाहिजे. मग जिन्याच्या तोंडाशी नवं दार बसवायचं ठरलं आणि त्यासाठी सुतार आला. सासऱ्यांना मारलेली थाप अशी अक्षरशः खरी झाली. सुतार रोज येऊन जिन्यात ठोकाठोक करायचा, आणि खालून एकही टक यायचं नाही. दार बसलं आणि जिन्यात काळोख झाला. पहिल्याच दिवशी विमावाले चाचपडत वर येताना गुडघ्यावर आपटले आणि पायरीवर बसूनच त्यांनी साहेबांना अपघात विम्याचे फायदे समजावले. मग जिन्यात दिवा आला. दार बाहेर उघडायचं म्हणून विमावाल्यांची तिथे लावलेली सायकल हलवावी लागली, सायकल हलवली म्हणून त्यांनी बोलणं टाकलं, आणि मीटर कुठवर आला हे कळत नाही म्हणून चार दिवसांनी परत धरलं.

बायकोने एकदाच विचारलं, "अहो, एवढं सगळं कशासाठी?"

"इज्जतीसाठी," साहेब म्हणाले.

अखेर मीटर आला. वायरमनने जिन्याखालच्या लाकडी पेटीत डोकं घालून दिवसभर तारा ओढल्या आणि संध्याकाळी नवा कोरा मीटर वरच्या दाराशेजारी फिरायला लागला. साहेबांनी घरातलं एकूण एक बटण दाबलं. मोरीतलंसुद्धा. मग ते बाहेरच्या खोलीत पायांवर पाय टाकून बसले. खालून काही आवाज आला नाही.

"झालं समाधान?" बायकोने विचारलं.

"झालं तर!" साहेब म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "काका घरी आहेत ना?"

असेच दिवस गेले. ठोकणं बंद झालं ते बंदच. नळ तर अजून भाड्यातच होता, पण तो सोडून ठेवला तरी खालून काही नाही. बायको एकदोनदा नळ उगाच वाहता ठेवून जमिनीकडे बघत उभी राहिली, मग स्वतःच बंद करून आत गेली. वाट्या खाली जायच्या, धुऊन वर यायच्या, पण बोलणं कमी झालं. साहेबांनी मात्र हौस भागवून घेतली. सगळे दिवे, दोन्ही पंखे, मोठी शेगडी. आणि गंमत अशी, की बिल आलं ते अगदी चिमुकलं! साहेबांनी ते आळीभर दाखवलं. "बघा, उगाच आम्हाला उधळे समजत होते. आम्ही वापरतोच मुळी एवढं." सासऱ्यांनाही त्यांनी पत्रातून हे ठणकावून कळवलं.

मग एका रविवारी दुपारी वरचा पंखा दुरुस्त करायचा म्हणून साहेबांनी घरातली सगळी बटणं बंद केली, आणि मेन स्विचला हात घालणार तोच त्यांची नजर मीटरवर गेली. घरात काही चालू नाही, आणि चकती फिरतेय! हळूहळू, आपली गोल गोल. साहेबांमधला अधिकारी जागा झाला. खोटं माप! त्यांनी खाडकन मेन स्विच ओढला. चकती थांबली. खालून काका ओरडले, "अगं पोरी, तुमच्याकडे लाइट आहे का? माझा पंखा बंद पडला!"

साहेबांनी स्विच लावला. खालून आवाज आला, "आली, आली!" परत ओढला. "गेली!" साहेब तिथेच जिन्यात मटकन बसले.

वायरमनने जिन्याखालच्या पेटीत तारांची अदलाबदल केली होती. साहेबांच्या मीटरवर काकांचं घर चालत होतं आणि काकांच्या मीटरवर साहेबांचं. म्हणजे एवढे दिवस जी उधळपट्टी केली, ती काकांच्या जिवावर. आणि जे चिमुकलं बिल आळीभर मिरवलं, ते म्हाताऱ्याच्या काटकसरीचं! रोज दुसऱ्यांचे तराजू जप्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात हे. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोने पदर खोचला आणि ती त्यांच्या पुढे जिना उतरली.

काका खुर्चीत बसले होते. तोंड मीटरकडेच.

"काका," साहेब म्हणाले, "तुम्ही तर रोज हा मीटर बघता."

"बघतो."

"मग तुम्हाला हे कळलं नाही?"

"पहिल्याच दिवशी कळलं. तुम्ही सगळे दिवे लावलेत आणि चकती अशी सुटली, की मला वाटलं भिंतीतून बाहेर येते."

"मग ठोकलं का नाहीत?" बायकोने पुढे होऊन विचारलं. "एवढे दिवस मी वाट बघत होते!"

काका काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तुमचं दार वेगळं झालं ना, पोरी. दुसऱ्याच्या गाडीची घंटी आपण कशी वाजवायची?"

साहेबांनी आजवर कुणाच्या पायाला हात लावला नव्हता, पण त्या दिवशी ते वाकले. काका म्हणाले, "अहो, राहू द्या, राहू द्या," आणि त्यांचेही डोळे भरून आले.

चूक दुरुस्त करायला साहेब दुसऱ्या दिवशी वीज कार्यालयाच्या त्याच खिडकीशी गेले. कारकुनाने सगळं ऐकून घेतलं. फार खूश झाला. "म्हणजे वजनमापे खात्याच्या घरी माप खोटं! लेखी द्या. चौकशी होईल. दोन्ही मीटर आम्ही काढून नेऊ, आणि निकाल लागेपर्यंत दोन्ही घरं अंधारात." साहेबांनी अर्ज परत खिशात घातला आणि ते घरी आले.

मग जुनंच ठरलं. लाइट-पाणी भाड्यात धरून. दोन्ही बिलं काकांकडे, आणि काकांच्या हातात काठी. फक्त एक गोष्ट नवी झाली. काकांच्या घराची चकती आता साहेबांच्या दाराशी फिरत होती. एका संध्याकाळी घरी आल्यावर साहेबांचं तिकडे लक्ष गेलं, तर चकती अजिबात हलत नव्हती. बाहेर काळोख पडला होता. म्हणजे काका खाली अंधारात बसले होते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एकट्यासाठी कशाला दिवा, असा त्यांचा हिशेब.

साहेब स्वयंपाकघरात गेले, खलातला बत्ता घेऊन आले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी जमिनीवर दोनदा ठोकलं, टक टक. थोडा वेळ काहीच झालं नाही. त्यांनी परत ठोकलं. मग चकती जरा हलली आणि सावकाश फिरायला लागली. बायको दारात उभी राहून बघत होती. "तुम्ही ना," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर रोज दिवेलागणीला वरून बत्ता वाजायचा आणि पाठोपाठ खालून काठी. सासरे दुसऱ्या खेपेला आले तेव्हा त्यांचं शिस्तीवरचं बोलणं ऐन रंगात असताना जावईबापू उठले, गुडघ्यांवर बसले आणि जमीन ठोकायला लागले. सासरे बघतच राहिले. "हे काय आता?"

"सुतारकाम, बाबा," मुलगी म्हणाली. "अजून संपलं नाही."

पुढे साहेबांची बदली झाली. सामानाचा ट्रक दाराशी लागला. विमावाल्यांनी दोऱ्या कशा बांधायच्या याचा सल्ला दिला, म्हणून दोन दोऱ्या सुटल्या आणि परत बांधाव्या लागल्या. साहेब आणि बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. निरोप झाला होता, वाकून नमस्कार झाले होते, बोलायचं काही शिल्लक नव्हतं. ट्रक सुरू झाला, हातभर पुढे सरकला, आणि मागच्या फळीवर काठी वाजली. टक.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. साहेब खिडकीतून बाहेर वाकले. मागे काका उभे होते, काठी फळीवर टेकवून.

"काय राहिलं, काका?"

काकांनी वरच्या खिडक्यांकडे बघितलं. "आतल्या खोलीतला पंखा बंद केलात का?"

"केला, काका."

"आणि मोरीतला नळ?"

"तोही बंद आहे," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

काका तसेच उभे राहिले. विचारायला आणखी काही सापडतंय का ते बघत असावेत. ड्रायव्हर चुळबुळ करायला लागला, पण साहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवला. इंजिन तसंच घरघरत राहिलं. शेवटी काकांनी काठी उचलली आणि फळीवर दोनदा ठोकलं.